वगळलेल्या कारणांचाही हिशेब द्या

मा. ना. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक मंत्रालय,
नवी दिल्ली

मोहाली, ऑगस्ट २०२५

मोहोळसाहेब,



१२ जूनला एअर इंडियाचे १७१ क्रमांकाचे विमान अहमदाबादेत कोसळले, त्याला दोन महिने होऊन गेले. विमान अपघात तपास विभागाचा, म्हणजे एएआयबीचा, प्राथमिक अहवाल १२ जुलैला मध्यरात्र उलटून गेल्यावर प्रसिद्ध झाला. पंधरा पानांचा आहे. त्यावर देशभर बोलून झाले, वाहिन्यांवर खटला चालवून निकालही लावून झाला. आता आरडाओरडा थोडा शमला आहे, म्हणून हे पत्र.

आपल्याला लिहितो आहे कारण आपण या खात्याचे मंत्री आहात आणि पुण्याचे आहात. या विमानात गेलेल्यांमध्ये डोंबिवलीचे, बदलापूरचे, पनवेलजवळच्या न्हाव्याचे, पिंपरी-चिंचवडचे, सांगोला तालुक्यातले लोक होते. दोन्ही वैमानिक मुंबईकर. त्यांच्या घरचे लोक इंग्रजीतल्या त्या पंधरा पानांचा अर्थ दुसऱ्यांकडून समजून घेत असतील, तर निदान त्यांच्या वतीने विचारलेला प्रश्न मराठीत असावा.

मोहालीचा काय संबंध, असे आपले सचिव विचारतील. ज्याला सगळे चंदीगडचा विमानतळ म्हणतात, त्याची इमारत मोहालीत, झिऊरहेडी गावच्या जमिनीवर उभी आहे. धावपट्टी हवाई दलाची, कंपनीत निम्म्याहून अधिक वाटा विमानतळ प्राधिकरणाचा, उरलेला पंजाब आणि हरियाणाने अर्धा-अर्धा वाटून घेतलेला. इथल्या जवळपास प्रत्येक गल्लीतले कोणी ना कोणी इंग्लंडला किंवा कॅनडाला आहे. १२ जूनच्या संध्याकाळी आमच्या सेक्टरमध्ये लोक एकमेकांना फोन करून विचारत होते, आपले कोणी अहमदाबादमार्गे तर गेले नाही ना? आणि माझी स्वतःची सगळी नोकरी इथल्या एका ट्रॅक्टर कारखान्यात, डिझेल इंजिनांच्या चाचणी विभागात गेली. विमानाचे इंजिन ही फार वरची विद्या आहे. पण "इंजिन ओढत नाही" ही तक्रार आली की काय करायचे असते, हे मी आयुष्यभर केले आहे. शेतकरी सांगतो पंप गेला. मेकॅनिक सांगतो नोझल गेले. चाचणीवाल्याने दोघांचे ऐकायचे आणि टाकीपासून सुरुवात करायची: डिझेलमध्ये पाणी आहे का, फिल्टर चोंदला आहे का, लाइनने हवा घेतली आहे का. तपासलेली प्रत्येक गोष्ट कागदावर लिहून, ती का सोडली तेही लिहायचे. पंप खरेच गेलेला असला तरीही. या पत्रातली मागणी त्या कागदाचीच आहे.

जेट इंजिनाची ताकद जाते तेव्हा शक्यता मोजक्या असतात, पण प्रत्येकीच्या पोटात अनेक असतात. हवा अडते, इंधन अडते, इंधन किती सोडायचे हे ठरवणारी यंत्रणा चुकते, आतला एखादा फिरता भाग मोडतो, किंवा कोणीतरी इंजिन बंद करते. एक इंजिन गेले तर बहुधा त्याच्यातच काही बिघडलेले सापडते. दोन्ही एकदम गेली, तर दोघांमध्ये सामाईक काय होते ते शोधावे लागते. इंधन, हवामान, पक्ष्यांचा थवा, संगणकातली एखादी आज्ञा, दोन्ही इंजिनांवर एकाच हाताने केलेले देखभालीचे काम, आणि कॉकपिटमधली माणसे. ही यादी लांब आहे आणि लांबच राहायला हवी, कारण गेल्या चाळीस वर्षांतल्या मोठ्या तपासांत उत्तर अनेकदा अशा कोपऱ्यात सापडले आहे, जो पहिल्या आठवड्यात कोणाच्याच यादीत नव्हता.

पक्ष्यांचे तेवढे आम्हा मोहालीकरांना शिकवावे लागत नाही. ४ ऑगस्ट २०२२ रोजी अहमदाबादहून चंदीगडला निघालेले गो फर्स्टचे विमान पक्षी आदळल्यामुळे परत फिरले होते. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम सांगतो की विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापायचे नाही, कचरा टाकायचा नाही. तरीही झिरकपूरच्या बाजूला मांसाच्या दुकानांमागे घारी फिरताना कोणालाही दिसतात. मोहालीचे जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढत राहते आणि घारी ते वाचत नाहीत. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर कॅनडा गीज जातीच्या पक्ष्यांच्या थव्याने एअरबसची दोन्ही इंजिने निकामी केली आणि विमान हडसन नदीत उतरवावे लागले. सर्व १५५ जण वाचले, म्हणून ती गोष्ट आज चित्रपटाची झाली. अहमदाबादच्या बाबतीत मात्र प्राथमिक अहवाल म्हणतो की विमानाच्या मार्गावर लक्षणीय पक्षी दिसले नाहीत. म्हणजे एक शक्यता बाजूला पडली, आणि ती कशाच्या आधारे पडली तेही त्याने सांगितले: विमानतळावरच्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून. इतके नेमके त्या अहवालात फार थोड्या ठिकाणी आहे.

बाकीचे असे आहे. दुपारी १ वाजून ३८ मिनिटे ३९ सेकंदांनी विमानाची चाके धावपट्टीवरून सुटली. तीन सेकंदांनी वेग १८० नॉटला पोचला, आणि त्याच्या लगेच पुढे दोन्ही इंजिनांचे इंधन तोडणारे स्विच, एका सेकंदाच्या अंतराने, 'रन'वरून 'कटऑफ'वर गेल्याची नोंद आहे. सत्तेचाळिसाव्या सेकंदाला आणीबाणीच्या पंख्यावर चालणाऱ्या पंपाने हायड्रॉलिक दाब द्यायला सुरुवात केली. बावन्नाव्या सेकंदाला पहिला स्विच परत 'रन'वर, छप्पन्नाव्याला दुसरा. इंजिने आपोआप पुन्हा पेटू लागली. पहिल्याचा वेग सावरत होता. दुसरे पेटले, पण त्याच्या गाभ्याची घसरण काही थांबेना. १ वाजून ३९ मिनिटे ५ सेकंदांनी 'मेडे', आणि अकराव्या सेकंदाला नोंद संपते. चाके सुटल्यापासून बत्तीस सेकंद.

त्या बत्तीस सेकंदांत दोन वैमानिकांमध्ये झालेल्या बोलण्यातले एकच देवाणघेवाणीचे वाक्य अहवालात आले, तेही त्यांच्या शब्दांत नाही, तपासनिसांच्या शब्दांत. एकाने दुसऱ्याला विचारले की तू कटऑफ का केलेस, दुसऱ्याने सांगितले की मी केले नाही. कोणी विचारले, कोणी उत्तर दिले, त्याआधी काय बोलणे चालले होते, त्यानंतर काय झाले, काहीही नाही. मोहोळसाहेब, हे वाक्य छापण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याने माझ्या मते सगळ्यात वाईट पर्याय निवडला. सगळे सांगितले असते तर लोकांनी ऐकले असते, काहीच सांगितले नसते तर लोक थांबले असते. अर्धे सांगितले, आणि उरलेले अर्धे दुसऱ्या दिवसापासून ज्याने त्याने आपापल्या मनाने लिहिले. परदेशी वर्तमानपत्रे पुढे, आपल्या वाहिन्या मागे. १७ जुलैला एएआयबीला तर्कवितर्क करू नका असे जाहीर आवाहन करावे लागले. अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांनीही अशा बातम्या घाईच्या आणि तर्कावर आधारलेल्या आहेत असे म्हटले. पण आगपेटी कोणी पुरवली, हा प्रश्न राहतोच.

आता त्या स्विचबद्दल. अहमदाबादचे विमान बोइंग ७८७ होते, आणि ७८७ मधला हा स्विच बोट लागून हलावा असा नसतो. तो वर ओढायचा, अडसर ओलांडायचा आणि मग खाली घ्यायचा. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन प्रशासनाने १७ डिसेंबर २०१८ रोजी एक सूचनापत्र काढले होते की काही बोइंग ७३७ विमानांत हा अडसर निकामी अवस्थेत सापडला आहे, आणि तशाच रचनेचे स्विच इतर मॉडेलांतही आहेत, त्यात ७८७ येते. ती सूचना सक्तीची नव्हती. प्राथमिक अहवालानुसार सक्तीची नसल्यामुळे एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती. थ्रॉटलचा तो संपूर्ण भाग २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बदलला होता, पण स्विचशी संबंधित कारणाने नाही. अहवाल आल्यावर १४ जुलैला विमान वाहतूक महासंचालनालयाने सर्वांना तपासणीचा हुकूम दिला आणि एअर इंडियाने आठवड्याभरात तपासणी करून कुठे दोष नसल्याचे सांगितले.

एवढ्यावरून स्विच आपोआप हलले असे सिद्ध होत नाही, माणसाने हलवले असेही होत नाही. इंधन तुटल्यामुळे इंजिने गेली, इतकेच ठरले. म्हणजे 'काय झाले' याचे उत्तर आहे आणि 'का झाले' याचे नाही. या दोन प्रश्नांमधले अंतर कापायला किती काळजी लागते, हे सांगण्यासाठी मी आपल्याला लंडनला नेतो.

१७ जानेवारी २००८. बीजिंगहून आलेले ब्रिटिश एअरवेजचे ३८ क्रमांकाचे बोइंग ७७७ हीथ्रोवर उतरायला आले होते. जमिनीपासून ७२० फुटांवर स्वयंचलित यंत्रणेने दोन्ही इंजिनांना जोर वाढवायला सांगितले. आधी उजव्या इंजिनाचा जोर वाढून मग घटला, सात सेकंदांनी डाव्याचे तेच झाले. इंजिने बंद पडली नव्हती, फक्त मागितले तेवढे देत नव्हती. कॅप्टनने फ्लॅप थोडे आवरून विमान जरा पुढे ढकलले, आणि ते धावपट्टीच्या ३३० मीटर अलीकडे गवतात आदळले. १५२ जणांपैकी कोणी दगावले नाही. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांचा ताफा त्याच वेळी विमानतळाकडे येत होता, म्हणून त्यातल्या जॅमरने इंजिने बिघडवली अशी बातमी लगोलग उठली. तिकडचे लोकही आपल्यासारखेच.

ब्रिटनच्या तपास विभागाने दुसऱ्याच दिवशी पहिले निवेदन दिले. मग फेब्रुवारीत एक, मे महिन्यात एक, सप्टेंबरमध्ये अंतरिम अहवाल, पुढच्या मार्चमध्ये दुसरा अंतरिम अहवाल, आणि शेवटचा अहवाल ९ फेब्रुवारी २०१० रोजी. प्रत्येक कागदात एकच शिस्त होती. आम्ही हे पाहिले, त्यात असे आढळले, म्हणून हे सोडले. इंधन तपासले, निकषांत बसणारे निघाले. टाक्यांत इंधन पुरेसे होते. नियंत्रणाचे संगणक तपासले, त्यांनी इंधनाची झडप पूर्ण उघडायचा हुकूम दिला होता आणि झडप उघडली होती. तरीही पुढे इंधन पोचत नव्हते. म्हणजे अडथळा झडपेच्या मागे, पाइपांत कुठेतरी होता, पण विमान उघडून पाहिले तेव्हा तिथे काहीच नव्हते.

काही नव्हते कारण जे होते ते वितळून गेले होते. सायबेरियावरच्या थंडीत इंधनाचे तापमान उणे ३४ अंशांपर्यंत उतरले होते. जेट इंधनात नेहमीच थोडे पाणी असते. बीजिंगला निघताना विमानात सुमारे ७९ टन इंधन होते आणि त्यात जास्तीत जास्त पाच लिटर पाणी असावे असा हिशेब निघाला. इंधन निकषांत बसत होते तरी हे पाणी होतेच. त्याचा बर्फ पाइपांच्या आतून हळूहळू साचत गेला. उतरताना एकदम जास्त इंधन वाहू लागले, तसा तो सुटला आणि इंधन तापवणाऱ्या उष्णता-विनिमयकाच्या तोंडावर जाऊन बसला. रोल्स-रॉइसच्या त्या भागात बारीक नळ्यांची टोके तोंडाच्या पृष्ठभागाबाहेर किंचित डोकावत होती, त्यांच्यात बर्फ अडकायला जागा मिळत होती. पुढे ती टोके सपाट करून नवे भाग बसवले गेले. इतकी लहान गोष्ट. आणि ती विमान प्रमाणित करताना कोणाच्याच लक्षात आली नव्हती, कारण अशा प्रकारे सुटून येणाऱ्या बर्फाची चाचणी करायला कोणी सांगितलेच नव्हते.

या कथेतला माझ्या मते महत्त्वाचा भाग पुढचा आहे. तपास पूर्ण व्हायला दोन वर्षे लागली, पण तपासाने काय दिले ते त्या दोन वर्षांतच उपयोगी पडले. सप्टेंबर २००८ पर्यंतच बर्फावर संशय बळावला होता आणि तो जाहीर केला गेला. त्या इंजिनांच्या ७७७ चालवणाऱ्यांना कार्यपद्धती मिळाली: थंड इंधनाने जोर घटल्यासारखे वाटले, तर थ्रॉटल मागे घेऊन इंजिन थोडा वेळ कमी वेगावर ठेवा, म्हणजे कमी इंधन वाहील आणि तापलेले तेल बर्फ वितळवेल. २६ नोव्हेंबर २००८ रोजी शांघायहून अटलांटाला जाणाऱ्या डेल्टाच्या ७७७ चे एक इंजिन अमेरिकेतल्या मोंटानावर अगदी तसेच गळले. वैमानिकांनी ती पद्धत वापरली, इंजिन सावरले, विमान अटलांटाला उतरले. अंतिम अहवाल त्यानंतर सव्वा वर्षाने आला. ब्रिटनने "तपास चालू आहे, कृपया वाट पाहा" एवढेच म्हटले असते, तर त्या वैमानिकांच्या हातात काय होते?

आता दुसरे टोक बघा, जिथे माणसाचा हात उघड होता. ३० जून १९८७ रोजी लॉस एंजेलिसहून उडालेल्या डेल्टाच्याच एका बोइंग ७६७ मध्ये इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा स्विच बंद करायला गेलेल्या वैमानिकाने चुकून दोन्ही इंजिनांचे इंधन तोडले. विमान समुद्रावर काही शे फुटांवर येईपर्यंत इंजिने पुन्हा पेटली, सगळे वाचले. कोणाच्या हातून झाले हे उघड होते. तपास तिथे थांबला नाही. अमेरिकेच्या यंत्रणेने तो इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा स्विच इंधनाच्या स्विचपासून दूर हलवायला आणि झाकायला लावले. हात तिथेच का गेला, हे विचारले म्हणून.

आणि तिसरी गोष्ट, जी मला आपल्या देशासाठी सगळ्यात जवळची वाटते. २६ फेब्रुवारी २०२० च्या मध्यरात्रीनंतर लंडनच्या गॅटविकहून टायटन एअरवेजचे एअरबस ए३२१ उडाले. विमान पाचशे फुटांच्या आसपास असताना डावे इंजिन धक्के देऊ लागले, मग उजवेही. वैमानिकांनी ते परत उतरवले. कारण? उष्ण, दमट हवेत जेट इंधनाच्या टाक्यांमध्ये बुरशी आणि जंतू वाढतात, त्यांना मारायला जंतुनाशक घालतात. देखभालीत हे औषध सांगितलेल्या प्रमाणाच्या ३८ पट पडले होते. पीपीएमचे, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग याचे, गणित चुकले, एवढेच. ते इंधनातून इंजिनांच्या आत जाऊन बसले. आदल्या फेऱ्यांत इंजिने सुरू होताना त्रास देत होती, पण सगळे धागे एकत्र आले नाहीत. या घटनेनंतर निर्मात्याने ते औषध विमान-इंधनासाठी वापरू नका असे सांगितले. याआधी, २९ मार्च २०१९ रोजी, ओसाकाकडे उतरणाऱ्या जेटस्टारच्या एका ७८७ च्या दोन्ही इंजिनांचा जोर काही क्षण गेला होता, तिथेही याच औषधाचे अवशेष सापडले. आपल्याकडे मुंबई, कोची, कोलकाता, चेन्नई. दमट हवेची आपल्याला कमी नाही. विमानाची टाकी कोणत्या औषधाने, किती वेळा, कोणत्या मापाने धुतली जाते, ही नोंद आपल्या देशात सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळते?

अहमदाबादमध्ये इंधनाचे नमुने तपासले, ते ठीक निघाले असे अहवाल म्हणतो. हे नमुने इंधन भरणाऱ्या बाउझरमधले आणि टाक्यांमधले होते. विमानातून हाती लागलेले इंधन मात्र फारच थोडे होते, एपीयूच्या, म्हणजे शेपटीकडच्या सहायक इंजिनाच्या, फिल्टरमधून आणि डाव्या पंखातल्या झडपेतून. त्याची तपासणी कुठे, कशाकशासाठी, पाण्यासाठी की जंतुनाशकासाठी? जो निकाल येईल तो छापा. या विमानात इंधनाचा दोष निघेल असे मला वाटत नाही, स्विचची नोंद स्पष्ट आहे. पण "वाटत नाही" हा तपासाचा निष्कर्ष होऊ शकत नाही, आणि माझ्यासारख्याला जे वाटते ते खोडून काढायची सोय तपासनिसाच्या कागदात असली पाहिजे.

इंजिनातला भाग मोडणे ही शक्यता तर आपल्या घरचीच. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅरावेल विमानाचे एक इंजिन उडताच फुटले. दाबयंत्रातली एक चकती धातूच्या थकव्यामुळे तडकलेली होती. तिच्या तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या तोडल्या, आग लागली, हायड्रॉलिक दाब गेला आणि विमान सांताक्रूझच्या विमानतळावरच कोसळले. ९५ जण गेले. त्याही विमानाचा क्रमांक १७१ होता. त्यात योगायोगापलीकडे काही शोधू नये, पण मुंबईच्या जुन्या लोकांना तो आकडा जूनमध्ये आठवला, हे खरे.

अलीकडचे सांगायचे, तर २०१८ च्या मार्चमध्ये अहमदाबादहून लखनौला निघालेल्या इंडिगोच्या विमानाचे एक इंजिन हवेत बंद पडले, आणि त्याच दिवशी आपल्या महासंचालनालयाने प्रॅट अँड व्हिटनीच्या ठराविक इंजिनांची अकरा विमाने जमिनीवर बसवली, आठ इंडिगोची आणि तीन गोएअरची. पुढच्या वर्षी त्याच कुटुंबातल्या इंजिनांची टर्बाइनची पाती मोडू लागली, तेव्हा इंडिगोला ९७ विमानांची इंजिने बदलायला सांगितले. हे निर्णय चांगले होते आणि त्यांचे श्रेय द्यायला हवे. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा तिने निम्म्या ताफ्याला इंजिने मिळाली नाहीत असेच सांगितले.

जुलैमध्ये महासंचालनालयाने माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार २०२० पासून तोपर्यंत भारतात ६५ वेळा हवेत इंजिन बंद झाले. सर्व वेळी वैमानिकांनी उरलेल्या इंजिनावर विमान सुखरूप उतरवले. म्हणजे महिन्याला साधारण एक घटना. हा आकडा प्रवाशांना घाबरवण्यासाठी मी लिहीत नाही. एका इंजिनावर उतरता येते, विमाने त्यासाठीच तशी बांधलेली असतात. पण या ६५ घटनांमधल्या प्रत्येकीत इंजिन का गेले, हे एका जागी, एका तक्त्यात कुठे आहे? डेल्टाच्या त्या मोंटानावरच्या विमानाने हीथ्रोचा संशय पक्का केला, तो अशा लहान, कोणी न दगावलेल्या घटनेनेच. अपघाताची आधीची लहान भावंडे कागदावर आली नाहीत, तर मोठा अपघात झाल्यावर तपासनिसाला तुलना कशाशी करायची?

यातले बरेचसे आपल्या एकट्याच्या हातात नाही, हे मला समजते. एएआयबी २०१२ मध्ये महासंचालनालयापासून वेगळा झाला, एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत ब्लॅक बॉक्स उघडण्याची स्वतःची प्रयोगशाळाही उभी राहिली, आणि अहमदाबादच्या विमानाच्या पुढच्या भागातल्या रेकॉर्डरमधली ४९ तासांची माहिती तिथेच वाचली गेली. मागच्या भागातला रेकॉर्डर इतका जळला होता की नेहमीच्या पद्धतीने उघडला नाही. हे काम छोटे नव्हे. पण तपास करणारा विभाग, नियम करणारे महासंचालनालय आणि विमानतळ चालवणारे प्राधिकरण, तिघेही आपल्याच मंत्रालयाच्या छताखाली आहेत. नियम करणाऱ्याने तपासणी सक्तीची करायला हवी होती की नव्हती, हा प्रश्न विचारायची वेळ आली, तर तपासनिसाने कोणाकडे पाहून तो विचारायचा? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे परिशिष्ट १३ सांगते की तपासाचा हेतू अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नाही. वर्षभरात अंतिम अहवाल होत नसेल, तर प्रत्येक वर्षपूर्तीला तपास कुठवर आला ते सांगावे, असेही ते म्हणते. वर्षपूर्तीची वाट कशाला बघायची, मी म्हणतो.

म्हणून मागणी अशी. यापुढचा प्रत्येक कागद काढताना त्यात एक प्रकरण असे ठेवा, ज्यात तपासलेल्या सगळ्या शक्यता असतील: पक्षी, इंधन, इंधनातले औषध, स्विचचा अडसर, स्विचपासून इंजिनापर्यंतच्या तारा, संगणकाची आज्ञा, देखभालीची कामे, वैमानिकांची कृती. प्रत्येकीपुढे काय तपासले आणि ती का सोडली किंवा का ठेवली. कॉकपिटमधल्या बोलण्याचा उतारा छापायचा असेल तर संदर्भासकट छापा, नसेल तर शेवटपर्यंत एक वाक्यही बाहेर सोडू नका. २०२० पासूनच्या ६५ इंजिन-बंद घटनांची कारणे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर एका तक्त्यात ठेवा आणि दर तिमाहीला त्यात भर घाला. आणि अहमदाबादचा अहवाल गुजराती, मराठी आणि पंजाबीत त्याच दिवशी निघू द्या. या तीन भाषांचे भाषांतरकार सरकारकडे आहेत, आणि न्हाव्याच्या घरात इंग्रजी वाचून दाखवायला कोणी शेजारी शोधावा लागू नये.

यातले पहिले काम कायदा न बदलता, लोकसभेत न जाता, आपल्या एका पत्राने सुरू होऊ शकते. ते पत्र आपण लिहावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
मोहालीतला एक मराठी रहिवासी